नाकवाली पलटण

कागदावर तिचं नाव दीड ओळीचं होतं,
देवळालीच्या बाजारात दोन शब्दांचं:
नाकवाली पलटण.
एकतीस माणसं, चौदा खेचरं, एक कॅप्टन
आणि बुचांवर मेण ओतलेल्या
सहा बाटल्यांची पेटी.

सकाळी सातला वासाचा तास.
हवालदार येसाजी निकम
निरांजन फिरवावं तशी बाटली फिरवायचा
नाकांच्या रांगेखालून.
"एकदा हुंगला तो अभ्यास. दुसऱ्यांदा हुंगला तो हावरेपणा."
कुजक्या वैरणीचा वास आला, श्वास धर.
लसणाचा आला, पळू नको, आधी वारा बघ.
तिसरा वास जिरेनियमचा.
आता सिन्नर-निफाडच्या पोरांनी
जिरेनियम कुठं पाहिलेलं?
मग मेमसाहेबांच्या व्हरांड्यातली कुंडी
दोघांनी उचलून मैदानात आणली,
आणि एकतीस जवान, सावधान उभे राहून,
एका फुलाला भ्यायला शिकले.

माझा बाप त्यांतला सतरावा.
लहानू रखमाजी बोरस्ते, नाईक.
गंजीच्या सावलीत जन्मलेला माणूस;
त्याला तिथं शिकवलं,
वैरणीवर विश्वास ठेवू नको.

छत्तीसच्या उन्हाळ्यात हातावर थेंब घेतले.
डावा हात, कोपराखाली, चार थेंब,
थेंबाला आठ आणे.
पहिल्या दिवशी काहीच नाही. हसले सगळे.
दुसऱ्या दिवशी फोड आले
कागदी लिंबाएवढे, तसेच पिवळे.
कॅप्टनानं वहीत लिहिलं:
ऊन जास्त, घाम जास्त, कातडी अपेक्षेप्रमाणे.
त्या दोन रुपयांत बापानं परात आणली.
पितळेची. तिच्यात मी अजून पीठ मळते.

खेचरांनाही तोबऱ्यासारखे मुखवटे होते.
हौशी नावाची एक खेचरी तो बांधू देईना,
लाथेनं येसाजीचे दोन दात पाडले तिनं.
बाप म्हणायचा,
तिला वारा आमच्याआधी कळायचा,
तिला कशाला हवी पलटण.

एकोणचाळीसला युद्ध आलं.
वायू आला नाही.
माणसं ट्रकांवर गेली, खेचरं डोंगरातल्या तोफांना,
पेटी दारणेच्या अलीकडं कुठंतरी खड्ड्यात,
वर चुन्याच्या बारा गोण्या.
कुठं, ते सांगायचं नाही,
म्हणून एकतीस अंगठे उठले एका कागदावर.
एवढाच इतिहास. एकही लढाई नाही.

घरी आला तो उपाशी उठायला लागला चुलीपुढून.
आईनं फोडणीत लसूण टाकला
की हा श्वास धरून अंगणात.
आई म्हणायची, माळकरी झालात का काय?
तो म्हणायचा, धूर होतोय.
आणि अंगठ्याचा शब्द त्यानं
चौतीस वर्षं पाळला.

बोलला तो एकदाच, सत्तरीला टेकल्यावर,
खळ्यात, बाज टाकून.
सायेब त्याला मोहरी म्हणायचे, म्हणाला,
पण वास लसणाचा.
आई शेंगा फोडत होती.
हात न थांबवता म्हणाली,
मेल्यांना फोडणीतलं कधी कळलंय.
मग तिनं त्याचा डावा हात ओढून घेतला
आणि इतकी वर्षं ज्याला ती तेलाचा चटका समजत होती
तो कातडीचा चकचकीत तुकडा
पदरानं पुसत बसली, जणू निघणार होता.

आता खळं नाही. तिथं द्राक्षं आहेत, थॉमसन,
साडेतीन एकर.
नातू पाठीवर पंप घेऊन औषध मारतो,
तोंडाला नुसता गमछा.
देवळालीच्या तोफांचा सराव सुरू असला
की फडताळातल्या बशा वाजतात,
तेवढी वाजून घेऊ देते.
पण पंप सुरू व्हायच्या आधी मी बांधावर जाते,
चिमूटभर माती उचलते, सोडते,
ती जिकडं जाते ते बघते,
आणि ओरडते:
इकडून नको रे, पलीकडच्या ओळीतून धर.

तो म्हणतो, आजी, हे कुठं शिकलीस?
माझ्या अंगठ्याला शाई लागलेली नाही.
तरी मी म्हणते,
धूर होतोय.